ओझे किती आणि कोठे

काही महिन्यांपूर्वी एका लहान विमानाने प्रवास करण्याचा योग आला. विमानात सत्तरएक आसने होती, पण उतारू निम्मेही नव्हते. सर्वजण आपापल्या जागी स्थिरावल्यावर विमानसेविका पुढच्या रांगांपाशी आली आणि तेथील चार-पाच जणांना मागे जाऊन बसण्याची तिने विनंती केली. त्यांपैकी एका गृहस्थांनी खिडकीजवळच्या जागेसाठी वेगळे पैसे मोजले होते. त्यांना राग आला व तो त्यांनी लपवलाही नाही. "अर्धे विमान रिकामे आहे. मी येथे बसलो काय आणि तेथे बसलो काय, विमानाला काय फरक पडतो?" असे त्यांनी विचारले. "तोल राखायचा असतो, साहेब," एवढेच उत्तर तिने नम्रपणे दिले. गृहस्थ उठले खरे, परंतु विमानातून उतरेपर्यंत त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

प्रश्न रागाने विचारला गेला असला तरी चांगला होता. त्याचे उत्तर मात्र विमानात उभ्या उभ्या देता येण्याजोगे नाही.

लहानपणी ज्यांनी बैलगाडीत पोती भरताना पाहिली आहेत त्यांना हे उत्तर अर्धेअधिक ठाऊकच आहे. गाडीवान पोत्यांचे वजन करीत बसत नाही. दोन पोती अधिक झाली तर तो फारशी कुरकुरही करणार नाही. पण पोती कोठे ठेवायची याविषयी तो कोणाचे ऐकत नाही. ओझे आसाच्या मागे अधिक झाले तर गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, गळ्यातील पट्टे आवळू लागतात आणि चढावर तर गाडी मागच्या मागे बसते. ओझे फार पुढे आले तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून गाडीवान पोती भरता भरता मधूनच गाडीची धुरी उचलून पाहतो आणि एखादे पोते हातभर पुढेमागे सरकवतो. ओझे किती हा एक प्रश्न, आणि ओझे कोठे हा त्याहून निराळा दुसरा प्रश्न, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

विमानातही हेच दोन प्रश्न आहेत. फरक असा की गाडीला आसाचा टेकू असतो आणि आकाशात विमानाला कसलाच टेकू नसतो. त्याला वर धरणारे बल पंखांवर उत्पन्न होते. विमानाचा सांगाडा, इंधन, माणसे आणि सामान या सर्वांचे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. नेहमीच्या प्रवासी विमानात हा बिंदू, पंखांचे उचलणारे बल जेथे लागते त्याच्या किंचित पुढे राहील असे पाहतात. त्यामुळे विमानाचे नाक स्वभावतःच खाली झुकू पाहते. हे झुकणे सावरण्याचे काम शेपटीकडील लहान आडव्या पंखाचे असते. तो शेपटीला थोडासा खाली दाब देतो आणि नाक समपातळीत राहते. ही व्यवस्था मोठी सोयीची आहे. वाऱ्याच्या झोताने नाक वर उचलले गेले तरी वैमानिकाने काही करण्यापूर्वीच ते आपण होऊन खाली येऊ लागते.

आता गुरुत्वमध्य मागे सरकला तर काय होते ते पाहू. नाकाची खाली येण्याची प्रवृत्ती मंदावते. तो आणखी मागे गेला की नाक एकदा वर गेल्यावर आणखी वरच जाऊ पाहते. मग ते खाली आणण्यासाठी वैमानिकाच्या हाती एकच साधन उरते. शेपटीच्या आडव्या पंखाला मागच्या कडेस एक हलती झडप असते. तीच त्याने दांडा पुढे ढकलून खाली वळवायची. झडपेची चाल संपली की उपाय संपला. नाक वर, वेग कमी, आणि शेवटी पंखांवरील हवेचा प्रवाह तुटून विमान दगडासारखे खाली येते. गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर संकट निराळ्या प्रकारचे असते. धावपट्टी संपत आली तरी नाक उचलत नाही, किंवा उतरताना ते वेळेवर वर घेता येत नाही. दोन्ही टोके वाईट आहेत. पण मागचे टोक अधिक कपटी आहे, कारण त्याचा प्रत्यय चाके जमिनीवरून सुटल्यावर येतो.

या दोन टोकांमधील मोकळीक केवढी असते? समजा, उड्डाणाच्या वेळी ७० टन वजन असलेल्या विमानात १ टन सामान ठरलेल्या जागेऐवजी १० मीटर मागच्या कप्प्यात गेले. विमानाचे एकूण वजन एका ग्रॅमनेही बदलत नाही. गुरुत्वमध्य मात्र १४ सेंटीमीटर मागे सरकतो. अशा विमानात त्याला फिरण्यास जागा असते ती साधारणपणे मीटरभर. म्हणजे एका चुकीने त्या जागेचा सातवा हिस्सा संपला. विमान लहान असेल तर हिशेब अधिकच कडक होतो. साडेसात टनांच्या विमानात अवघे २०० किलो सामान ५ मीटर मागे गेले तरी गुरुत्वमध्य जवळजवळ तितकाच सरकतो, आणि तेथे मोकळीक मीटरभरापेक्षा पुष्कळच कमी असते.

येथे एक मोहही आहे. गुरुत्वमध्य जितका पुढे, तितका शेपटीला खाली दाब अधिक द्यावा लागतो, आणि तो दाब पंखांना जादा ओझ्यासारखाच वाहावा लागतो. म्हणून मर्यादेच्या आत राहून गुरुत्वमध्य जरा मागे ठेवला तर इंधन वाचते. विमान कंपन्या तसे करतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्या बाजूला काटकसर आहे त्याच बाजूला कडा आहे, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

हा सारा हिशेब ज्या कागदावर मांडला जातो त्याला लोडशीट म्हणतात. आपण त्याला भारपत्रक म्हणू. रिकाम्या विमानाचे वजन, इंधन, कोणत्या भागात किती उतारू, पुढच्या कप्प्यात किती सामान, मागच्यात किती, आणि या सर्वांवरून गुरुत्वमध्य कोठे येतो, हे त्यावर असते. हल्ली हा हिशेब संगणक करतो आणि पुष्कळदा भारपत्रक वैमानिकापुढे पडद्यावर किंवा छोट्या छापील पट्टीवर उमटते. त्यातील आकड्यांवरून तो शेपटीचा पंख किती अंशांवर ठेवायचा आणि धावपट्टीवर कोणत्या वेगाला नाक उचलायचे हे ठरवतो. त्याने एकही पेटी पाहिलेली नसते. पाहणे शक्यही नसते.

पेट्या पाहिलेल्या असतात त्या खाली काम करणाऱ्या माणसांनी. मध्यम आकाराच्या पुष्कळ विमानांत सामान सुटे भरतात. कप्प्याची उंची इतकी कमी की माणसाला ताठ उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर सरकत, वाकून, उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली तो एकेक पेटी आत ओढून घेतो आणि रचतो. बाहेर पाऊस कोसळत असला तरी विमानाची वेळ बदलत नाही. त्याच्या हाती एक सूचनापत्र असते: इतक्या पेट्या पुढच्या कप्प्यात, इतक्या मागच्यात. समजा, पुढचा कप्पा ओबडधोबड सामानाने लवकर भरला आणि उरलेल्या तीस पेट्या त्याने मागे टाकल्या. यात अपराध काहीच नाही, मात्र ते वर कळवले पाहिजे. न कळवल्यास कागदावर एक विमान आणि धावपट्टीवर दुसरेच विमान उभे राहते. आम्हा सरकारी नोकरांचा जन्म कागदपत्रांत जातो. कागद आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडले की काय होते हे आम्हांला थोडेफार कळते. आमच्याकडे निदान फाईल पुन्हा उघडता येते.

अमेरिकेतील शार्लट येथे ८ जानेवारी २००३ रोजी सकाळी जे घडले ते या विषयाचा अभ्यास करणाऱ्या सर्वांनी वाचलेले आहे. एकोणीस आसनांचे बीचक्राफ्ट १९०० डी जातीचे विमान तेथून ग्रीनव्हिलकडे निघाले. सर्व आसने भरलेली होती. सामान भरणाऱ्याने दोन पेट्या फार जड असल्याचे कप्तानाला सांगितले होते. विमानात एक लहान मूल आहे, त्याने त्या वजनाची भरपाई होईल, असा हिशेब झाला. बेरजेच्या दृष्टीने ही भरपाई ठीक असेल. परंतु मूल बसणार आसनावर आणि पेट्या जाणार शेपटीकडच्या कप्प्यात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले गेले, दुसरा विचारलाच गेला नाही.

भारपत्रकानुसार विमान मर्यादेत होते. धावपट्टी सोडताच त्याचे नाक वर वर जाऊ लागले. वैमानिकांनी दांडा पुढे रेटला, पण नाक खाली येईना. उड्डाणानंतर ३७ सेकंदांनी ते विमान तळावरील एका हँगरवर आदळले. विमानातील एकवीसच्या एकवीस माणसे मृत्युमुखी पडली.

चौकशीत दोन कारणे निघाली. पहिले असे की, दोन रात्री आधी देखभालीच्या वेळी शेपटीच्या झडपेच्या तारा चुकीच्या ताणल्या गेल्या होत्या, त्यामुळे नाक खाली आणण्याच्या दिशेने झडपेची चाल सुमारे निम्मीच उरली होती. दुसरे कारण म्हणजे, विमान अनुज्ञेय मर्यादेपेक्षा सुमारे ५८० पौंडांनी, म्हणजे २६० किलोंहून अधिक, जड होते आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागे गेलेला होता. यातील मन खिळवून ठेवणारी गोष्ट अशी की, त्या सदोष झडपेनिशी हेच विमान मधल्या काळात नऊ वेळा उडाले आणि नऊही वेळा सुखरूप उतरले होते. त्या नऊ खेपांत भार कमी होता, तोल बरा होता, म्हणून निम्म्या चालीवर भागले. दहाव्या खेपेस पूर्ण चालीची गरज पडली, आणि ती नव्हती. एकट्या झडपेने विमान पडले नसते, किंवा एकट्या ओझ्याने पडले नसते, असा तर्क करता येतो. पण दोष एकमेकांना भेटण्यापूर्वी आपल्याला विचारून भेटत नाहीत. २००५ साली त्या विमान कंपनीने मृतांच्या नातेवाइकांसमोर जाहीर क्षमा मागितली.

आता कोणी विचारील की भारपत्रक खोटे होते काय? मुळीच नाही. ते नियमांप्रमाणे, मान्य आकडे घालून केलेले होते. खोटे ठरले ते आकडे. उतारूंना काट्यावर चढवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. सरकारी नियामक एक सरासरी वजन ठरवून देतो, प्रौढांसाठी अमुक, मुलांसाठी तमुक, आणि त्याने माणसांच्या संख्येला गुणतात. शार्लटच्या अपघातानंतर छोट्या विमानांतून जाणाऱ्या उतारूंची प्रत्यक्ष वजने घेण्यात आली, तेव्हा सरासरी माणूस गृहीत वजनापेक्षा सुमारे २० पौंडांनी भारी निघाला. जुन्या काळी ठरवलेला आकडा नियमात तसाच राहिला होता आणि माणसे मात्र दरम्यान जाडजूड झाली होती! पुढे अमेरिकेत हे आकडे वाढवण्यात आले. न्यूझीलंडच्या विमान कंपनीने २०२३ साली ऑकलंड येथे उतारूंना स्वेच्छेने काट्यावर उभे केले, ते याच कारणासाठी. कोणाचेही वजन त्याच्या नावाशी जोडले जाणार नाही अशी हमी त्यांना द्यावी लागली, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले.

सरासरीचा एक स्वभाव आहे. ती गर्दीत खरी असते आणि मोजक्या माणसांत खोटी पडते. दोनशे उतारूंत कोणी किडकिडीत असतो, कोणी भरदार. दोघांची बेरीज शेवटी जमते. एकोणीस जणांत ती जमेलच असे नाही, आणि ते एकोणीस जण कोल्हापूरच्या तालमीतून कुस्तीला निघालेले मल्ल असतील तर मुळीच जमणार नाही. उलट प्रकारही घडतो. ९ मे २०१४ रोजी ऑस्ट्रेलियात कॅनबेराहून पर्थला जाणाऱ्या एका बोइंग ७३७ विमानात प्राथमिक शाळेची ८७ मुले मागच्या भागात एकत्र बसवली होती. नोंद करताना प्रत्येक मूल प्रौढ समजले गेले, म्हणजे ३२ किलोंऐवजी ८७ किलोंचे धरले गेले. कागदावर विमानाची शेपटी चांगली भारदस्त होती. प्रत्यक्षात तेथे चिमुकली मुले होती. साहजिकच उड्डाणाच्या वेळी नाक जड लागले आणि ते उचलण्यासाठी वैमानिकाला नेहमीपेक्षा अधिक जोर लावावा लागला. विमान सुखरूप पोहोचले. फरक निघाला तो साडेतीन ते पाच टनांच्या घरातला.

याच्या नेमकी उलट चूक २०२० च्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये झाली. बर्मिंगहॅमहून निघालेल्या एका विमानात, नावामागे 'मिस' लिहिलेल्या ३८ प्रौढ स्त्रियांना संगणकाने बालके ठरवले. जेथे ती संगणकीय प्रणाली तयार झाली तेथे 'मिस' हे संबोधन लहान मुलींसाठी वापरतात. आपल्याकडे 'कुमारी' या शब्दावरून असा घोटाळा होऊ शकला असता. भारपत्रकापेक्षा विमान १,२४४ किलोंनी अधिक जड होते. त्याही वेळी अनर्थ टळला, कारण मर्यादा आखणारे लोक थोडी माया राखून ठेवतात. पण ती वाऱ्यासाठी, इंजिनाच्या कुरबुरीसाठी आणि वैमानिकाच्या क्षणिक चुकीसाठी ठेवलेली असते. आपण ती कारकुनी चुकीत खर्च करून टाकतो.

मालवाहू विमानांत माणसांची सरासरी नसते, प्रत्यक्ष वजने असतात. म्हणून तेथे सारे बिनचूक होत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून सांतो दोमिंगोकडे डेनिम कापड घेऊन निघालेले एक डीसी ८ विमान उड्डाण करताच नाक वर करून कोसळले. विमानातील चौघे आणि जमिनीवरील एक माणूस दगावला. त्या दिवशी ठरलेले विमान ऐनवेळी बदलले होते, परंतु माल मात्र आधीच्या विमानाच्या हिशेबाने भरला गेला. गुरुत्वमध्य कागदावरच्यापेक्षा मागे होता, आणि शेपटीचा पंख कागदावरच्या गुरुत्वमध्याला जुळवलेला होता. मालाच्या तळफळ्या जमिनीला पक्क्या धरून ठेवणाऱ्या कड्यांपैकीही पुष्कळशा लावलेल्याच नव्हत्या.

या कड्यांचे आणि बांधण्याच्या पट्ट्यांचे महत्त्व २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम येथे जगाने पाहिले. बोइंग ७४७ मालवाहू विमानात लष्कराच्या चिलखती गाड्या होत्या. उड्डाण करताना नाक वर झाले, पट्ट्या पुरेशा नसल्याने निदान एक गाडी सुटली आणि मागे घसरत जाऊन शेपटीकडच्या भिंतीतून आरपार गेली. तेथे शेपटीचा पंख फिरवणारी यंत्रणा होती, ती मोडली. विमानातील सातही जण ठार झाले. चौकशी अधिकाऱ्यांचा निष्कर्ष असा की, केवळ भार सरकल्याने विमान हाताबाहेर गेले नसते. यंत्रणा तुटल्याने ते गेले. म्हणजे ओझे कोठे ठेवले हा प्रश्न सुटला तरी ते तेथेच राहील काय, हा तिसरा प्रश्न उरतोच.

हे सगळे वाचून विमानप्रवासाची धास्ती घेण्याचे कारण नाही. रोज हजारो विमाने बिनचूक तोलून उडतात, आणि तोलाची खूण पाहू म्हटले तर डोळ्यांसमोर असते. आपल्याकडच्या लहान शहरांना जाणाऱ्या एटीआर विमानात उतारू मागच्या दाराने चढतात. सगळेच शेपटीपाशी जमले तर जमिनीवरच विमान उलाळ होईल, म्हणून शेपटीखाली एक दांड्याचा टेकू लावलेला असतो. पुढच्या वेळी जिना चढण्यापूर्वी जरा मागे पाहावे. टेकूची गरज केवढी असते हे २२ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर दिसले. पुढचे उतारू उतरून गेले, मागचे उतारू व सामान आतच राहिले, आणि एका एअरबस ए ३२१ विमानाचे नाक सावकाश वर उचलले जाऊन ते शेपटीवर बसले.

उतारूच्या हाती यात थोडेसेच असते. हातातील पिशवी वेगळी मोजून हिशेबात घेत नाहीत. ती उतारूच्या सरासरी वजनातच धरलेली असते. आपल्याकडे त्यासाठी सामान्यतः ७ किलोंची मर्यादा सांगतात. काउंटरवरील मुलीची नजर चुकवून पंधरा किलोंची पिशवी आत नेणाऱ्याने कंपनीला फसवले असे त्याला वाटते. फसतो तो वैमानिक. आणि विमान जड झाले म्हणून आपली पेटी मागे राहिली, ती दुसऱ्या दिवशी घरी आली, तर संताप होतो हे खरे. लग्नघरी जाताना शालू त्या पेटीत असला तर होणारच. तथापि त्या दिवशी कोणीतरी बेरीज तपासली होती आणि ती जमत नाही असे सांगण्याचे धैर्य दाखवले होते.

त्या खिडकीवाल्या गृहस्थांची जागा बदलली त्या दिवशी उतारू थोडे होते, आणि सामानही थोडे. अशा वेळी दोन-चार माणसे इकडची तिकडे बसवणे हा तोल साधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. भारपत्रकात प्रत्येक भागातील माणसांची संख्या लिहिलेली असते आणि सेविका ती प्रत्यक्ष मोजून पाहते. दार बंद होता होता एखादा उतारू वाढला वा कमी झाला तर तोही बदल त्यावर नोंदवावा लागतो. बदल ठरलेल्या संख्येपेक्षा मोठा झाला तर नवे भारपत्रक करावे लागते. मग कप्तान ते मान्य करतो. एक प्रत विमानाबरोबर जाते आणि दुसरी खाली जमिनीवर जपून ठेवतात.